अंबाडी दसऱ्याचीच वाट का पाहते?

प्रश्न : मक्याच्या शेताला कडेने दरवर्षी अंबाडी टाकतो. मृगात टाकली की डोक्याच्या वर जाते आणि दसऱ्याच्या आगेमागे फुलते. मागे एकदा कडेची जागा मोकळी राहिली म्हणून ऑगस्टअखेर पुन्हा बी टाकले, तर ती अंबाडी कमरेला लागायच्या आतच फुलली, आणि तीही जवळजवळ त्याच दिवसांत. कपाशीचे असे नाही. मेअखेर लावा की जुलैत, दोनेक महिन्यांत फुलावर येतेच. एकीला तारीख कळते आणि दुसरीला कळत नाही, हे कसे? भातात, गव्हात दिवस लहान-मोठा असला तरी फरक न पडणारे वाण निघाले. अंबाडी-तागात ते का निघत नाहीत?
— एक वाचक, ता. येवला, जि. नाशिक

उत्तर : तुमच्या अंबाडीला तारीख कळत नाही, रात्र कळते. नाशिक जिल्हा २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथला सर्वांत मोठा दिवस, म्हणजे २१ जूनचा, साधारण १३ तास २० मिनिटांचा असतो आणि डिसेंबरच्या २२ तारखेचा ११ तासांहूनही जरा कमी. म्हणजे वर्षभरातला फरक जेमतेम अडीच तासांचा, आणि आज-उद्यातला फार तर मिनिटभराचा. माणसाच्या लक्षात न येणारे हे मिनिट अंबाडीच्या पानांना मोजता येते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडचा दिवस साडेबारा तासांच्या खाली उतरतो, आणि अंबाडीच्या उशिरा फुलणाऱ्या वाणांत शेंड्याने पानांऐवजी कळ्या धरायला लागण्याची मर्यादा साधारण तीच आहे. कळी धरल्यापासून फूल उमलेपर्यंत काही आठवडे जातात. दसरा त्याच सुमारास येतो, एवढाच त्याचा संबंध.

आता तुमची दोन पेरण्यांची गोष्ट उलगडते. मृगातल्या अंबाडीला वाढायला जवळपास तीन महिने मिळाले, ऑगस्टअखेरच्या अंबाडीला जेमतेम काही दिवस. फुलायचा इशारा मात्र दोघींना एकाच आठवड्यात मिळाला. भाजीची हिरवी अंबाडी आणि सरबत-चटणीसाठी लावतात ती लाल बोंडांची अंबाडी या वेगवेगळ्या जाती आहेत. दोन्हीही दिवस लहान झाल्यावर फुलणाऱ्या, पण लाल बोंडांची या बाबतीत जास्त काटेकोर.

दिवस म्हणायची सवय असली तरी झाड मोजते ती सलग अंधाराची लांबी. हॅम्नर आणि बॉनर या दोघांनी १९३८ मध्ये अमेरिकेत शंकेश्वराच्या तणावर प्रयोग केले, त्यांत हे स्पष्ट झाले. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ उजेड पाडला की झाड फुलत नाही. दिवसाच्या मध्ये थोडा वेळ अंधार केला तर मात्र काहीच फरक पडत नाही. झाडातले उजेड ओळखणारे रंगद्रव्य, फायटोक्रोम, १९५९ मध्ये अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या प्रयोगशाळेत हाती लागले. पॉलिहाऊसमध्ये शेवंती घेणारे बागायतदार हाच नियम वापरतात. फुले लांबवायची तर रात्री दिवे लावायचे, लवकर हवी तर संध्याकाळीच काळा पडदा ओढायचा. कांद्याच्या पट्ट्यात राहणाऱ्याला दिवसाच्या लांबीचे महत्त्व तसेही नवे नाही. युरोपातला मोठ्या दिवसाचा कांदा इथे लावला तर पात वाढते, गड्डा धरत नाही. पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्रातून आलेला एन-२-४-१ धरतो, कारण तो इथल्याच लहान दिवसांतून निवडलेला आहे. तिथे प्रश्न फुलण्याचा नसून गड्डा पोसण्याचा आहे, पण घड्याळ त्याच जातीचे.

या घड्याळाचा शोध लागण्याची सुरुवात एका धाग्याच्या पिकापासूनच झाली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. पुस्तकांत श्रेय मिळते गार्नर आणि अॅलार्ड यांना. मेरीलँड मॅमथ नावाची तंबाखू उन्हाळाभर नुसती वाढत राहते आणि फुलत नाही, म्हणून त्यांनी १९१८ मध्ये कुंड्या रोज दुपारी अंधाऱ्या खोपट्यात नेऊन ठेवल्या, आणि १९२० मध्ये निष्कर्ष छापले. पण त्यांच्या आधी पॅरिसमध्ये झुलिएन तूर्नुआ या तरुणाला काचघरात हिवाळ्यात पेरलेले हेम्प बोटभर असतानाच फुललेले दिसले होते. याचे कारण थंडी नाही, उजेडाचे तास आहेत, असे त्याने १९१२ ते १९१४ च्या लेखनात मांडले, रात्रीच्या लांबीकडेही बोट दाखवले. १९१४ मध्येच तो पहिल्या महायुद्धात मारला गेला आणि काम तिथेच थांबले.

आता कपाशी. तुमचे निरीक्षण बरोबर आहे, पण कपाशी जन्मतः अशी नव्हती. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत अमेरिकन कपाशीचे रानटी आणि अर्धरानटी प्रकार आजही सापडतात. ती झुडपे वर्षानुवर्षे जगतात आणि दिवस लहान झाल्याशिवाय पात्यावर येत नाहीत. आपल्या देशी कपाशीचा इतिहासही झाडापासून झुडपाकडे आलेला आहे. मार्को पोलो तेराव्या शतकात गुजरातेत वीस-वीस वर्षे जगणाऱ्या कापसाच्या झाडांची नोंद करतो. अंगणात वातींसाठी लावलेला देवकापूस त्या जुन्या सवयीचा राहिलेला नमुना. इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये १९३० च्या दशकात काम केलेले जे. बी. हचिन्सन यांनी हा प्रवास नीट मांडला. बहुवर्षायू कपाशीतून एका हंगामात येणारी कपाशी लागवडीखालीच घडत गेली, हे त्यांचे म्हणणे. सिलो आणि स्टीफन्स यांच्याबरोबर १९४७ मध्ये लिहिलेला त्यांचा ग्रंथ कपाशीच्या अभ्यासकांना आजही टाळता येत नाही.

ती घडली कशी, याचा सर्वांत स्पष्ट दाखला अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर मिळतो. १७८० च्या दशकात वेस्ट इंडिजकडून लांब धाग्याच्या कपाशीचे बी जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनात गेले. तिथे दिवस लहान होईपर्यंत थंडी दाराशी आलेली असे, आणि बोंडे फुटायच्या आत झाड हिमाने जळे. मोजक्या झाडांवर थोडी बोंडे पिकली, त्यांचेच बी पुढच्या वर्षी पेरले गेले. काही पिढ्यांत उन्हाळ्याच्या मोठ्या दिवसांतही फुलणारी सी आयलंड कपाशी उभी राहिली. तिथे पैदासकार नव्हता. निवड हिमाने केली आणि बी माणसाने राखले. अशाच निवडीमुळे मालेगाव-येवल्यात मेअखेर लावलेली कपाशी १३ तासांच्या दिवसातही पाते धरते. ती आता दिवसाचे तास न पाहता उष्णता आणि वय पाहते. फरदड ठेवली की ती हिवाळ्यातही फुलत राहते, तेही याच कारणाने. गुलाबी बोंडअळीला त्याचा फायदा होतो, हे वेगळे सांगायला नको.

शास्त्रज्ञांनी हे काम हेतुपूर्वक केले ते नंतर, आणि वेगळ्याच गरजेपोटी. रानटी कपाशीत कीड-रोग सहन करण्याचे गुण आहेत, पण मिसिसिपीच्या शेतात ती हिम पडेपर्यंत फुलतच नाही. मग संकर करायचा कशाशी? मॅककार्टी आणि जेन्किन्स यांच्या गटाने एकेका रानटी प्रकाराचा लागवडीच्या कपाशीशी संकर केला. त्याच्या दुसऱ्या पिढीतली उन्हाळ्यात फुलणारी झाडे निवडली, त्यांचा पुन्हा रानटी जनकाशी संकर केला, पुन्हा निवड केली. असे चारदा मागे वळले की हिशेबाने सुमारे ९७ टक्के वारसा रानटी कपाशीचा उरतो, आणि फुलण्याची सवय तेवढी शेतातल्या कपाशीची येते. दिवसाच्या लांबीला न जुमानणारे धाग्याचे पीक कसे घडवायचे, याची याहून स्वच्छ कृती नाही. नागपूर २१ अंशांवर आहे. तिथल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत रानटी कपाशीच्या जातींची बाग आहे, आणि आपल्या हिवाळ्याला हिमाची घाई नसल्याने तशा झाडांना फुलायला इथे वेळ मिळतो. अमेरिकनांची ही अडचण आपल्याला त्या प्रमाणात कधी आलीच नाही.

मग अंबाडी-तागाचे असे का केले नाही? इथे तुमच्या प्रश्नातल्या भात-गव्हाच्या तुलनेशी माझे मतभेद आहेत. १९६६ चा आयआर-८ भात असो की नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत दोन वेगळ्या अक्षांशांवर आलटून-पालटून पेरून काढलेला गहू असो, तिथे आपल्याला दाणा हवा असतो. फूल लवकर आले, कुठेही आले, वर्षात दोनदा आले, तर फायदाच. कपाशीचा धागाही बियांवर येतो, म्हणून कपाशी या बाबतीत धान्याच्या बाजूची आहे. अंबाडी, ताग, ज्यूट यांचा वाख मात्र खोडाच्या सालीतून निघतो. खोड फुलेपर्यंत सरळ वाढते. फूल आले की वाढ मंदावते, फांद्या फुटतात, आणि फांदी फुटली तिथे सालीचा सलग पदर तुटतो. असा वाख वळायला आखूड पडतो. या पिकांत उशिरा येणारे फूल हाच गुण आहे, आणि दिवसाची लांबी ते फूल फुकट रोखून धरते. हे बंधन पूर्ण काढून टाकायचे म्हणजे पहारा उठवण्यासारखे आहे.

तरीही प्रयोग झाले आहेत. अमेरिकेने कागदाच्या लगद्यासाठी अंबाडीवर बरेच संशोधन केले. एव्हरग्लेड्स ४१ आणि ७१ हे तिथले नावाजलेले वाण उशिरा फुलणारे, त्यामुळे खोड भरपूर. पण उत्तरेकडच्या राज्यांत त्यांचे बी पिकतच नाही, ते दक्षिण टोकाला घ्यावे लागते. याउलट ग्वाटेमाला आणि क्यूबाच्या नावाचे काही वाण दिवस कितीही असला तरी साधारण १०० दिवसांत फुलतात. बी कुठेही मिळते, खोड मात्र कमी. वाख हवा की बी हवे, हा सौदा आहे आणि दोन्ही टोके एकदम कोणालाच मिळालेली नाहीत.

सर्वांत शहाणपणाचा सौदा बंगालच्या ज्यूटमध्ये झाला, आणि त्याची दुसरी बाजू आपल्या महाराष्ट्रात आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो. तोसा ज्यूटचीही मर्यादा साडेबारा तासांच्या आसपास. बंगालमध्ये एप्रिलचा पहिला आठवडा उलटल्यावर दिवस त्याहून मोठा होतो. मार्चमध्ये पेरले तर रोप लहान दिवसात सापडून वीतभर असतानाच फुलते आणि वाखाची वाट लागते. जेआरओ-६३२ या जुन्या वाणाचे हेच दुखणे होते. ज्यूट उशिरा पेरायचे, मग ते उशिरा निघायचे, आणि पुढच्या आमन, म्हणजे पावसाळी, भाताची लावणी लांबायची. बराकपूरच्या संशोधन संस्थेने त्याचा सुदान ग्रीन या आफ्रिकी वाणाशी संकर करून १९७७ मध्ये जेआरओ-५२४, म्हणजे ‘नवीन’, दिला. तो मार्चच्या मध्यावर पेरला तरी अवेळी फुलत नाही. पण तो दिवसाच्या लांबीपासून मुक्त नाही. लहान दिवसाचा इशारा त्याला मिळतो, फक्त कोवळ्या वयात तो दाद देत नाही. तीन-चार आठवडे अलीकडे आलेली ही पेरणी बंगालच्या शेतकऱ्याला एक भाताचे पीक वेळेवर देऊन गेली.

आता दुसरी बाजू. वाखासाठीचे ज्यूट फुलण्याच्या सुमारास, बी धरण्याआधीच कापतात, म्हणून बंगालमध्ये बी फारसे तयार होत नाही. वर्षानुवर्षे ते बी मुख्यतः महाराष्ट्र आणि आंध्रातून गेले. १९७६ मध्ये अकोल्यात स्थापन झालेल्या महाबीजनेही ज्यूट बियाण्याचे काम केले. इथले शेतकरी बियाण्याचे ज्यूट पावसाळ्यात पेरतात. सप्टेंबरमध्ये दिवस आखूड झाला की ते बेताच्या उंचीवर फुलते, घाटे कोरड्या हवेत पिकतात आणि हिवाळ्यात बी हाती येते. म्हणजे ज्या संवेदनेमुळे बंगालमध्ये मार्चची पेरणी बिघडत होती, तीच संवेदना विदर्भ-मराठवाड्यात बी पिकवते. ज्यूटला दिवसाचे भान अजिबात उरले नसते तर बियाण्याचे पीकही आधी पुरुष-दीड पुरुष उंच वाढवावे लागले असते. बराकपूरने मर्यादा मोडली नाही, सरकवली. मला तरी यात पैदासकाराची खरी हुशारी दिसते.

तुमच्या तागाची, म्हणजे हिरवळीच्या खताच्या बोरूची, गोष्ट थोडक्यात. तोही लहान दिवसाचा. अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठाने तिथल्या उन्हाळ्यात लवकर फुलणारी झाडे पिढ्यान्‌पिढ्या निवडून ‘एयू गोल्डन’ आणि ‘एयू डर्बिन’ हे वाण काढले, कारण तिथे थंडीच्या आत बी पिकत नव्हते आणि बाहेरून आणलेले बी महाग पडत होते. ताग परपरागी आहे, मोठे भुंगे त्याचे परागीभवन करतात, त्यामुळे एक झाड निवडून भागत नाही, सगळा कळपच हळूहळू वळवावा लागतो. आपल्याला ती गरज नाही. आपल्याकडे बी सहज पिकते. जूनमध्ये पेरलेला ताग मोठ्या दिवसांमुळे पाला भरपूर देतो. तो सात-आठ आठवड्यांत, फुलावर येऊ लागताच गाडावा. ऑक्टोबरनंतर द्राक्षाच्या ओळीत टाकलेला ताग गुडघ्याला लागतो न लागतो तोच पिवळा दिसू लागतो. त्याला बियाण्याचा दोष देऊ नका.

तेव्हा येवल्यात कधीही फुलणारी अंबाडी हवी का? माझे उत्तर, नको. वाखासाठी लावत असाल तर मृगाची पेरणी आणि दसऱ्याचे फूल हा मेळ उत्तम आहे. खोड तयार होते तेव्हा ओढ्या-नाल्याला ते भिजत घालण्याइतके पाणी असते. भाजीसाठी लावत असाल तर दिवस न मानणारा वाण उलट त्रास देईल, कारण तो उन्हाळ्यातही वय झाले की फुलेल. भाजीवाल्याला हवी आहे ती हिवाळ्यातही न फुलणारी अंबाडी, आणि ती मागणी अगदी वेगळी. फायदा होईल तो एकालाच : लाल बोंडे बारमाही विकू पाहणाऱ्याला. अंबाडीचा वाख मागे पडला तो फुलण्याच्या वेळेमुळे नाही. नायलॉनची दोरी स्वस्त झाली, बैल कमी झाले म्हणून पोळ्याला नवी दावी, कासरे वळून घेणे थांबले, आणि कुजवलेली अंबाडी सोलायला माणूस मिळेना. यांपैकी एकही गोष्ट नवा वाण सोडवणार नाही.

प्रश्न : आपोआप फुलणारे हेम्प असते असे ऐकले. ते धाग्यासाठी इथे लावता येईल का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : असते. रशियाकडच्या रानटी भांगेत हा गुण आहे. तो बहुतांशी अप्रभावी असल्याने दोन्ही जनकांकडून यावा लागतो. फिनलंडचा फिनोला हा वाण १९ तासांच्या दिवसातही फुलतो. पण तो बियांसाठी आहे आणि बुटका आहे; धाग्यासाठी युरोपातले शेतकरीही उशिरा फुलणारे उंच वाणच घेतात. तेच उंच वाण नाशिकच्या अक्षांशावर आणले तर १३ तासांचा दिवस त्यांना लहान वाटतो आणि ते लवकर फुलून खुजे राहतात. हे झाले शास्त्र. कायद्याने भांगेची लागवड १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली येते. धागा किंवा बियांसाठी परवानगी देण्याची तरतूद त्यात आहे, पण ती सरकारने दिल्याशिवाय एक रोपही लावू नका.

येवल्याच्या वाचकांना एक सुचवतो, खर्च काही नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला एकाच अंबाडीच्या बियांच्या दोन कुंड्या लावा. एक परसात पूर्ण अंधार मिळेल अशी, दुसरी रात्रभर दिवा जळणाऱ्या ओसरीत अगदी दिव्याखाली. दिवसाचे ऊन दोघींना सारखे मिळू द्या. पहिली कळी कोणत्या कुंडीत कोणत्या तारखेला दिसली ते लिहून ठेवा आणि अंबाडी हिरवी की लाल बोंडांची याच्यासह आम्हाला कळवा.